समुद्रसपाटी सपाट नसते

पावसाळा लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात माणसे एकमेकांना आधी प्रकृती विचारीत नाहीत. नाथसागर किती भरला ते विचारतात. चहाच्या टपरीवर, वाळूजच्या कंपनीगाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या रांगेत, नळाच्या पाण्याची पाळी धरून बसलेल्या बायामाणसांत, सगळीकडे एकच आकडा फिरत असतो : १५२२ फूट. पाणी तेथवर पोचले म्हणजे धरण भरले, आणि शहराला व शेताला वर्षभराचा धीर आला. हा आकडा आमच्या गावात पोरासोरांनाही पाठ आहे.

पण हे १५२२ फूट मोजले कुठून? धरणाच्या पायापासून खासच नव्हे. जायकवाडीची भिंत काही एवढी उंच नाही. ते मोजले समुद्रसपाटीपासून. म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर, कोरड्या मराठवाड्यात राहणाऱ्या आमच्या घरच्या पाण्याचा हिशेबसुद्धा समुद्राच्या पातळीपासून सुरू होतो. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो : ही समुद्राची पातळी कोणी ठरवली, कशी ठरवली, आणि ती जागच्या जागी राहते काय? याच प्रश्नाचा येथे थोडा विचार करू. आम्ही विद्यापीठात शिकलेले नाही. सोळाव्या वर्षी लेथवर उभे राहिलो, पुढे युनियनच्या कामात पडलो, आणि बाकीचे शिक्षण वाचनालयात व संपाच्या मांडवात झाले. तेव्हा कारखान्याच्या आणि वाटाघाटीच्या भाषेतच हा विषय सांगणार आहोत. वाचकांनी तेवढे गोड मानून घ्यावे.

प्रथम जुनी पद्धत पाहू. बंदरात एक विहिरीसारखी नळी समुद्राशी जोडून ठेवतात. तिच्यातले पाणी भरतीओहोटीबरोबर वरखाली होते, पण लाटांचा धक्का आत पोचत नाही. त्या पाण्याची उंची तासन्‌तास, वर्षानुवर्षे टिपून ठेवायची आणि तिची सरासरी काढायची. यालाच भरतीमापक म्हणतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून अशी नोंद आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक होय. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वेक्षण खात्याने कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट अशा नऊ बंदरांची सरासरी पातळी घेतली, ती सर्व एकाच उंचीवर आहे असे गृहीत धरले, आणि तेथून देशभर उंचीच्या खुणा नेल्या.

गृहीत धरले, हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण गवंडी जसा पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने एका भिंतीवरची खूण दुसऱ्या भिंतीवर नेतो, तशी जमिनीवरून काळजीपूर्वक उंची मोजत मुंबईहून विशाखापट्टणमला गेले, तर तेथला समुद्र मुंबईच्या समुद्रापेक्षा सुमारे तीस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर वर असल्याचे दिसते. एकाच देशाचे दोन समुद्र, एकमेकांना जोडलेले, आणि पातळीत फूटभराचा फरक! पहिल्याने ही मोजणाऱ्यांची चूक वाटावी. पण ती चूक नव्हती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर आणि शेट्ये या दोन शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. ते कारण मीठ हे आहे.

अरबी समुद्राला मोठ्या नद्या कमी मिळतात आणि तेथे वाफ पुष्कळ होते. म्हणून त्याचे पाणी खारट आणि जड. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, कृष्णा आणि आपली गोदावरी गोडे पाणी ओततात. म्हणून तेथले पाणी हलके. तराजूच्या एका पारड्यात किलोभर लोखंड आणि दुसऱ्यात किलोभर कापूस ठेवला, तर वजन सारखे पण कापसाचा ढीग मोठा. तसेच हे आहे. खोलवर दाब सारखा राहायचा तर हलक्या पाण्याचा स्तंभ उंच असला पाहिजे. उष्णतेचेही तसेच. आमच्याकडच्या उबदार समुद्रात शंभर मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला, तर तो सुमारे तीन सेंटीमीटर फुगतो. समुद्रसपाटी ही अशी मिठाने, उष्णतेने, वाऱ्याने आणि प्रवाहाने चढउतार झालेली असते. सपाटी हे तिचे नुसते नाव.

भरतीमापक किनाऱ्यावरचे सांगतो. पण भर समुद्रात विहीर कोण खणणार? शिवाय किनारा स्वतःच खचत किंवा उचलत असेल, तर नळीला समुद्र चढला की जमीन उतरली हे कळत नाही. म्हणून माणसाने आकाशातून मोजायचे ठरवले.

ही युक्ती ऐकायला सोपी आहे. उपग्रहावरून रडारचा एक ठोका सरळ खाली सोडायचा. तो समुद्राच्या पाण्यावर आपटून परत येतो. जायला-यायला लागलेला वेळ मोजला, की उपग्रह पाण्यापासून किती उंच आहे ते कळते. या यंत्राला अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, म्हणतात. उपग्रह स्वतः पृथ्वीच्या मध्यापासून किती दूर आहे हे लेझरने आणि जमिनीवरील रेडिओ केंद्रांच्या साह्याने वेगळे काढायचे. एकातून दुसरे वजा केले, की समुद्राच्या पृष्ठभागाची उंची उरते. शाळेतली वजाबाकी, पण तिच्यात अचूकपणा किती लागतो ते पाहा. अमेरिका आणि फ्रान्स यांचा टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १० ऑगस्ट १९९२ रोजी सोडण्यात आला. तो १३३६ किलोमीटर उंचीवरून फिरे. त्याचा ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत परत येई. त्यात एका सेंटीमीटरचा फरक ओळखायचा, तर सेकंदाचे पंधराशे कोटी भाग करून त्यातला एक ओळखावा लागतो. एका ठोक्यावर हे साधत नाही. म्हणून हजारो ठोक्यांची सरासरी घेतात. खुद्द उपग्रह मात्र तेवढ्या एका सेकंदात समुद्रावरून सुमारे सहा किलोमीटर पुढे गेलेला असतो.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवते. आम्ही लेथवर असताना एका कारखान्यात आमच्या पाळीचा सगळा माल नापास झाला. तपासनीस म्हणाला, माप जास्त आहे. आठ जणांची तीन दिवसांची मजुरी कापली गेली. आमच्यातला एक म्हातारा फिटर फार कमी बोले. त्याने तपासनीसाचा मायक्रोमीटर हातात घेतला, पुसला, आणि काहीही न धरता पूर्ण बंद केला. शून्याची रेघ शून्यावर बसेना! चूक मालात नव्हती, मापात होती. कापलेली मजुरी परत मिळवायला मात्र दीड महिना गेला. त्या दिवसापासून आम्ही कोणताही आकडा ऐकला की आधी विचारतो : शून्य कुठे आहे?

उपग्रहाच्या मापालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. रडारचा ठोका पोकळीतून जात नाही, हवेतून जातो, आणि हवेत तो किंचित रेंगाळतो. कोरड्या हवेमुळेच समुद्र सुमारे २ मीटर ३० सेंटीमीटर अधिक दूर भासतो. हवेतल्या वाफेमुळे आणखी काही सेंटीमीटर. आमच्या पावसाळी पट्ट्यात तर हा आकडा ३० सेंटीमीटरच्याही वर जातो. म्हणून उपग्रहावर वाफ मोजणारे वेगळे यंत्र बसवतात. त्याहून वर विद्युतभारित हवेचा थर आहे, तोही ठोक्याला अडवतो. खवळलेल्या समुद्रावर लाटांचे खड्डे ठोका अधिक परतवतात आणि माथे कमी, म्हणून पातळी खोटी खाली दिसते. भरतीओहोटी वजा करायची. हवेचा दाब एक मिलिबारने घटला की समुद्र सुमारे एक सेंटीमीटर उचलतो, तेही वजा करायचे. ही सारी वजावट नीट झाली तरच हाती येणारा आकडा कामाचा. कष्टाचा मोठा भाग अशा चुका शोधण्यातच जातो.

एवढे झाले तरी एक मोठे कोडे उरते. गवंड्याचा ओळंबा सरळ खाली लोंबतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो जिकडे ओढ आहे तिकडे लोंबतो. पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक, कुठे हलके. त्यामुळे ओढ सगळीकडे सारखी नाही. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग नेहमी ओळंब्याशी काटकोनात राहतो. म्हणून समुद्राचा पृष्ठभागही या ओढीप्रमाणे उंचसखल होतो. वारा, प्रवाह काही नसताना समुद्राला जो आकार आला असता त्याला जिऑइड म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा खड्डा आमच्याच शेजारी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस, पृथ्वीच्या आदर्श गोलाकारापेक्षा समुद्र तेथे सुमारे १०६ मीटर खाली आहे! बोट त्यावरून जाते आणि खलाशाला काही कळत नाही, कारण त्याचा ओळंबाही त्याच ओढीने कललेला असतो.

आता अडचण अशी, की जिऑइडचे चढउतार शेकडो मीटरचे, आणि प्रवाह व उष्णता यांनी झालेले चढउतार फार तर मीटर-दीड मीटरचे. डोंगराएवढ्या आकड्यातून वीतभर आकडा वेगळा काढायचा, आणि डोंगराचे माप सेंटीमीटरपर्यंत ठाऊक नाही. यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली. टोपेक्स-पोसायडन दर दहा दिवसांनी त्याच वाटेवरून परत येई. खडकांची ओढ दहा दिवसांत बदलत नाही. म्हणून एकाच जागेच्या अनेक वर्षांच्या मापांची सरासरी काढायची आणि प्रत्येक मापातून ती वजा करायची. जिऑइड आपोआप गळून पडतो, आणि आज समुद्र आपल्या सरासरीपेक्षा किती वर वा खाली आहे तेवढे उरते. पण सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात तसे येथे होते. जिऑइडबरोबर समुद्राचा स्वतःचा कायमचा उतारही त्या सरासरीत निघून जातो. मुंबई-विशाखापट्टणममधला तो फूटभराचा फरक या हिशेबात दिसतच नाही.

आमच्या कामगार बांधवांना हे चटकन समजेल. महागाई भत्त्याच्या वाटाघाटीत निर्देशांक किती अंकांनी वाढला यावर मालक आणि युनियन यांचे फारसे भांडण नसते. भांडण असते ते कोणत्या पायापासून मोजायचे यावर. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचा पाया आधी १९६०, मग १९८२, मग २००१, आणि आता २०१६ चा आहे. पाया ठाऊक नसेल तर नुसत्या वाढीवरून घरात चूल किती पेटते ते सांगता येत नाही. उपग्रह वाढघट सांगतो. पाया दुसरीकडून आणावा लागतो.

हा पाया मिळतो समुद्राच्या दीर्घकालीन सरासरीतून. गेली शंभरावर वर्षे जहाजांवरच्या माणसांनी दोरीला बाटल्या आणि उष्णतामापक बांधून खोल पाण्याचे तापमान आणि खारटपणा टिपून ठेवला. १९६० च्या सुमारास सुरू होऊन १९६५ पर्यंत चाललेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे आमच्या समुद्रात फिरली, आणि त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी गोव्याची संस्था जन्मली. सिडने लेविटस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये जगभरच्या अशा नोंदी गोळा करून महिन्या-ऋतूंप्रमाणे सरासरीचा नकाशासंग्रह केला. गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये उत्तर हिंदी महासागरासाठी असाच संग्रह तयार केला. त्यात आमच्याकडच्या नोंदींची मोठी भर पडली. तापमान आणि क्षार ठाऊक असले, की पाणी किती हलके ते कळते. वरपासून हजार-दोन हजार मीटर खोलीपर्यंतची बेरीज केली, की तेथल्या समुद्राची सरासरी उंची किती असावी याचा अंदाज निघतो. या सरासरी उंचीत उपग्रहाचा आजचा फरक मिळवायचा. उत्तर आले ते आजच्या समुद्राच्या पातळीचे.

अर्थात यातही एक गोम आहे. बेरीज करताना तळाकडचे पाणी स्थिर धरावे लागते, आणि जुन्या नोंदी जेथून जहाजे गेली तेथल्याच असतात. म्हणून पुढे २००२ मध्ये ग्रेस आणि २००९ मध्ये गोस हे उपग्रह खास पृथ्वीची ओढ मोजण्यासाठी सोडले, आणि समुद्रात आपोआप दोन हजार मीटर खोल जाऊन दर दहा दिवसांनी वर येणारे आर्गो नावाचे तरंगक हजारोंनी टाकले. ओढीचा नकाशा, खोल पाण्याची नोंद आणि रडारचे माप हे तिन्ही एकमेकांचे साक्षीदार झाले. भारतानेही हातभार लावला. फ्रान्सच्या भागीदारीतला सरल हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच रॉकेटाने गेला. त्यावरचा अल्टिका हा उंचीमापक अधिक आखूड लहरींवर चाले. त्या पट्ट्यातला असा तो पहिलाच होता. विद्युतभारित थराचा त्रास त्याला नगण्य, पण पावसाचा अधिक. प्रत्येक औजाराचा आपला एक गुण आणि आपली एक खोड!

आणखी एक रीत आम्हांला फार आवडली. टोपेक्स थकत आला तेव्हा २००१ च्या डिसेंबरात जेसन-१ सोडला. त्यामागून २००८, २०१६ आणि २०२० मध्ये पुढचे उपग्रह गेले. दर वेळी नवा उपग्रह काही महिने जुन्याच्या सोबतीने, त्याच वाटेवरून, अगदी थोड्या वेळाच्या अंतराने चालवला. दोघांची मापे ताडून पाहिली, शून्याला शून्य जुळवले, आणि मगच जुन्याला मोकळे केले. तरीही टोपेक्सच्या पहिल्या काही वर्षांच्या मापात हळूहळू सरकणारी चूक होती. ती कोणी पकडली? किनाऱ्यावरच्या त्या जुन्या भरतीमापकांनी. आमच्या म्हाताऱ्या फिटरची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, सेंटीमीटराचा एवढा काथ्याकूट कशासाठी? उत्तर सांगतो. पृष्ठभाग उंच दिसला, तर खाली उबदार पाण्याचा जाड थर आहे असे समजावे. आणि उबदार पाणी हे वादळाचे इंधन. मे २०२१ मध्ये तौक्ते हे चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर आले. १७ मे रोजी मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रावर काम करणाऱ्या माणसांना राहण्यासाठी असलेला एक तराफा बुडाला आणि साठाहून अधिक माणसे गेली. त्यांत अनेक कंत्राटी कामगार होते. वादळाचे इशारे आधी निघाले होते. दोष कुणाचा याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही, की आकाशातून सेंटीमीटर मोजणारे शास्त्र जर तराफ्यावरच्या माणसाला वेळेवर किनाऱ्यावर आणीत नसेल, तर त्या शास्त्राचे काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे काम शास्त्रज्ञांचे नाही, आपले आहे.

दुसरे उदाहरण २६ डिसेंबर २००४ चे. सुमात्राच्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी टोपेक्स आणि जेसन-१ योगायोगाने हिंदी महासागरावरून गेले. भर समुद्रात त्या लाटेची उंची जेमतेम साठ सेंटीमीटर भरली. किनाऱ्यावर हीच लाट काळ झाली. पण ते माप हिशेब होऊन हाती यायला वेळ लागला. आणि इशारा द्यायला तेव्हा आमच्या समुद्रात यंत्रणाच नव्हती. पुढे २००७ मध्ये हैदराबादच्या सागरी माहिती केंद्रात ती उभी राहिली.

तिसरे उदाहरण आमच्या घरचे. २०१५ मध्ये प्रशांत महासागराच्या पूर्व भागात समुद्र नेहमीपेक्षा उंच झाल्याचे उपग्रहांनी दाखवले. ती एल निनोची खूण होती. त्या वर्षी मराठवाडा करपला, आणि पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. एल निनो आला की दुष्काळ ठेवलेलाच असे मात्र समजू नये. १९९७ मध्ये तो मोठा असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला होता. इशारा म्हणजे निकाल नव्हे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पायाच वर सरकतो आहे. १९९३ पासून जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे दहा सेंटीमीटर, म्हणजे चार इंच, वाढली. आरंभी वाढीचा वेग वर्षाला दोन मिलिमीटरच्या आसपास होता, आता तो चाराच्या वर गेला आहे. तापलेले पाणी फुगते आणि वितळलेले बर्फ समुद्रात येते, ही त्याची दोन मुख्य कारणे. चार इंच म्हणजे काय मोठे, असे माडीवर राहणाऱ्याला वाटेल. मुंबईच्या खाडीकाठच्या झोपडीत राहणाऱ्याला तसे वाटणार नाही. भरतीचे पाणी आपल्या उंबऱ्याच्या किती खाली थांबते ते त्याला बोटांनी ठाऊक असते.

शेवटी पुन्हा नाथसागराकडे येऊ. १५२२ फूट हा आकडा समुद्रापासून मोजला. पण धरण भरून दरवाजे उघडले, की तेच पाणी नांदेडवरून, तेलंगणातून आंध्रात जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तेथे ते खारट पाण्यात मिसळते, त्याला हलके करते, आणि विशाखापट्टणमचा समुद्र मुंबईपेक्षा फूटभर उंच ठेवण्यात आपला कणभर वाटा उचलते. आमचे पाणी ज्या समुद्रापासून आम्ही मोजतो, त्या समुद्राची उंची ठरवण्यात आमच्याही पाण्याचा हात आहे! तेव्हा येत्या पावसाळ्यात कोणी नाथसागराचा आकडा सांगितला, तर वाचकांनी तो आनंदाने ऐकावा. आणि सवड झाली तर आमच्या फिटरचा प्रश्नही विचारावा, की बाबा, याचे शून्य कुठे आहे?